ओव्हरस्टेबल अ‍ॅप्रोच डिस्क घेताना काय बघायचं

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिसबीसारखी डिस्क फेकत कमीत कमी थ्रोमध्ये साखळ्यांच्या बास्केटमध्ये पोचवायचा खेळ. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या डेलाव्हिएगा कोर्सवर गेलेले सगळे २७ नंबरच्या होलबद्दल, म्हणजे 'टॉप ऑफ द वर्ल्ड'बद्दल बोलतात, तिथून ड्राइव्ह मारायला मजा येतेच, पण माझा स्कोअर बिघडतो तो छोट्या होल्सवर, जिथे बास्केट उतारावर आहे आणि डिस्क जरा पुढे गेली की घरंगळत खाली. तिथे बास्केटजवळ पोचायला लागते ती ओव्हरस्टेबल अ‍ॅप्रोच डिस्क. उजव्या हाताने बॅकहँड टाकली की शेवटी डावीकडेच वळणार, फोरहँड टाकली की उजवीकडे (डावखुऱ्यांनी उलटं धरा), आणि समोरून वारा असला, तुम्ही जोर जास्त लावला, तरी ती दुसऱ्या बाजूला पळत नाही.

आता निवडायची कशी. डिस्कचे चार आकडे असतात, स्पीड (किती वेगाने टाकावी लागते), ग्लाइड (हवेत किती तरंगते), टर्न (सुरुवातीला वेगात असताना उलट्या बाजूला किती वळते), फेड (शेवटी वेग कमी झाल्यावर किती वळते). डिस्क्राफ्टची झोन आणि वेस्टसाइडची हार्प, दोन्ही ४, ३, ०, ३. इनोव्हाची गेटर ५, २, ०, ३ आणि ऱ्हायनो २, १, ०, ३. म्हणजे फेड चौघींचा सारखाच, आणि नवीन लोक नेमकं फेडच बघत बसतात. बघायचं ग्लाइड. ग्लाइड १ असलेली ऱ्हायनो झोनइतक्याच जोरात टाकली तरी अलीकडेच खाली बसते, त्यामुळे जवळच्या थ्रोला हात न आखडता मोकळा फेकता येतो, पण २५० फुटांसाठी तिच्यावर फार ताकद घालवावी लागते. हे आकडे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते, तेव्हा दोन कंपन्यांच्या डिस्कची तुलना अंदाजानेच करायची.

हातात घेऊन बघितल्याशिवाय मात्र घेऊ नका. झोनची रिम (कड) उथळ आहे, फोरहँडला बोटं पटकन बसतात. ऱ्हायनो आणि इनोव्हाच्याच पिग या डिस्कला वरच्या बाजूला कडेने एक उंचवटा असतो, अंगठा तिथे टेकतो, काहींना तो फार आवडतो, मला रिलीजच्या वेळी टोचतो.

प्लॅस्टिकवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मी पहिली डिस्क स्वस्तातल्या बेस प्लॅस्टिकची घेतली, ग्रिप मस्त होती, पण ओकच्या झाडांवर आपटून आपटून एका सीझनमध्ये फेड इतका कमी झाला की ती जवळजवळ सरळ जायला लागली. डिस्क्राफ्टचं झेड किंवा इनोव्हाचं चॅम्पियन यांसारखं कडक प्लॅस्टिक खूप टिकतं, पण सकाळच्या दवात हातातून निसटतं आणि सुक्या कडक जमिनीवर स्किप होऊन पुढे जातं. उतारावरच्या बास्केटसाठी मी तरी मऊ प्लॅस्टिक घेईन, ते जमिनीला धरतं.

एकाच मोल्डच्या (मॉडेलच्या) दोन डिस्क समोर असतील तर काउंटरवर सपाट ठेवा, खाली वाकून बाजूने बघा. रिमच्या बाहेरच्या कडेवर एक जोडरेषा दिसते, ती जिची जास्त वर आणि माथा जिचा सपाट ती सहसा जास्त ओव्हरस्टेबल. वजन १७० ते १७५ ग्रॅममध्ये घ्या, हलकी डिस्क वाऱ्यात उचलली जाते.

आणि साधा पटर (बास्केटमध्ये टाकायची हळू, सरळ जाणारी डिस्क) अजून २०० फूट सरळ जात नसेल तर सध्या थांबा, हाताला वेग नसला की ही डिस्क लगेच डावीकडे पडते आणि आपल्याला वाटतं आपलंच तंत्र चुकतंय.

घेतल्यावर मोकळ्या मैदानात १५० फुटांवरून पाच थ्रो अर्ध्या जोराने, पाच पूर्ण जोराने टाका. दहाही एकाच बाजूला वळून पडल्या तर तीच डिस्क, त्याच प्लॅस्टिकमध्ये, त्याच वजनाची अजून एक घेऊन ठेवा, आणि दोन्हींच्या खालच्या बाजूला मार्करने नाव-फोन नंबर लिहा, झाडीत हरवलेली डिस्क लोक खरंच फोन करून परत देतात.