जुनी पिकअप कापसाच्या सीझनआधी कशी तयार करायची

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करतात, वर्षभर ओढून ओढून खांदा दुखला असंल म्हणून. माझ्या दारात आता बैल नाही, २०१३ ची सेकंडहँड पिकअप आहे, तर तिची खांदशेकणी मी पोळ्याच्या आसपासच उरकून घेतो. एकदा शेतात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची पूजा, झाली की मग दिवाळीपासून पार फेब्रुवारीपर्यंत गाडीला उभं राहायला टाइम नसते.

गाडी आणली त्या वर्षी मी पहिला खर्च काय केला असंल? तीन आवाजाचा हॉर्न, मागं झालर आणि निळे लाइट. ब्रेक तसेच. आता हसू येते पण बहुतेकजण असंच करते, म्हणून क्रम आधीच सांगून ठेवतो: पहिले गाडी थंड राहिली पाहिजे, मग थांबली पाहिजे, मग वजन पेललं पाहिजे, आणि पैसा उरला तर दिसण्याचं पाहू.

सुरुवात धुण्यापासून. वरून नाही, खालून. आपली काळी माती चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, चिकटली की वरून सुकते पण आतून महिनाभर ओली राहते अन् लोखंड तिथंच सडते. कमानीच्या (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) ब्रॅकेटमागं, डिझेल टाकीच्या पट्ट्याखाली, मडगार्डच्या आत, इथली माती काढाच. मग पेचकसाच्या मुठीनं ठोकत जायचं, टणटण वाजलं तर पत्रा जिवंत, बद्द वाजलं तर तिथं तारेचा ब्रश मारा आणि बघा काय उरलं ते. खाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका राजेहो, विटा अन् दगड तर बिलकुलच नाही, स्टँड नसंल तर जाड लाकडी ओंडके चेसिसखाली लावा आणि बाकीच्या चाकांना गुटके.

आता रेडिएटर. हे जरा सविस्तर सांगतो कारण इथंच मी सगळ्यात जास्त पैसे घालवले. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं, अकोला-अमरावती-बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि मी बहाद्दर तेच चार वर्षं रेडिएटरमध्ये ओतत होतो. उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा गेला की गाडी चढावर तापायची, मी थांबून अजून पाणी टाकायचो, म्हणजे अजून क्षार. शेवटी रेडिएटर खोलला तर नळ्यांत पांढरा खडा बसलेला, अर्ध्याअधिक बंद. इंजिनच्या आतलं पाण्याचं जाकीटही तसंच गंजलेलं. चूक कोणाची नाही, माझीच.

तर सगळं जुनं पाणी गाडी थंड असताना काढा, आरओच्या पाण्यानं दोन-तीनदा फ्लश करा, आणि मग कूलंट अन् डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. कूलंट नुसतं बर्फाच्या मुलखात लागते असं लोक समजतात, पण त्यानं पाणी उशिरा उकळते आणि गंज धरत नाही, आपल्याला तेच पाहिजे. रेडिएटरच्या जाळीत कापसाचा फुपाटा अन् किडे अडकलेले असतात, ते पंख्याच्या बाजूनं बाहेर असं हलक्या पाण्यानं काढायचे, समोरून जोरात प्रेशर मारलं की पत्त्या वाकतात आणि हवा जायचा रस्ताच बंद. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून पाहा, साधारण अर्धा इंच दबला की बरोबर. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवर तुटलं म्हणून फेकलं असंल तर परत आणून लावा, त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा नीट ओढत नाही, तिथल्या तिथं घुमवत बसते. आणि गरम गाडीचं झाकण उघडू नका, दाबाखालचं पाणी तोंडावर येते.

थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल. गाडी तापते म्हटलं की पहिला सल्ला मिळते तो हाच, "काढून टाका भाऊ वॉल, काही काम नाही त्याचं." मीही काढला होता. मग सकाळी इंजिन गरम व्हायलाच पंधरा-वीस मिनिटं, डिझेल नीट जळत नाही, अॅव्हरेज पडला. काही इंजिनांत तर वॉल काढला की पाणी बायपासच्या आडवाटेनंच फिरत राहते, रेडिएटरकडे कमी जाते, म्हणजे लोडवर उलटी जास्तच तापते. वॉल खराब आहे का ते घरी बघता येते: गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ठेवा, वॉल दोऱ्यानं लोंबता ठेवा अन् पाणी तापवा. वॉलवर जो आकडा छापला असते, साधारण ८० च्या घरातला, त्याच्या आसपास तो उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवीन टाका, महाग नसतो.

एवढं करूनही तापत असंल तर थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा अन् आत पाहत राहा. बुडबुडे थांबायचं नाव घेत नसतील, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसत असंल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं समजा. त्या गाडीनं एक फेराही मारू नका.

ब्रेक. मागचे ड्रम उघडा. लायनर घासले असतील ते दिसतेच, पण व्हील सिलेंडरचं रबर उचलून आत ओल आहे का पाहा, ती ओल म्हणजे गळती. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलं असंल तेच, डॉट ३ म्हणजे डॉट ३, इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही नाही, त्यानं सगळी रबरं फुगतात आणि ब्रेक जाम होतात नाहीतर जातात. ब्रेकच्या लाइनीतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करायचं, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचं डावं. एकजण वर बसून पेडल मारतो अन् दाबून धरतो, दुसरा खाली निपल ढिली करतो. खालच्यानं "सोड" म्हणेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. माझा पोरगा मोबाइल पाहत बसते त्या वेळी, म्हणून मी हे काम बायकोसोबत करतो, तिचा पाय पक्का आहे.

कमानी, म्हणजे पाटे. पाटे बसले की लोक काय करते, एक एक्स्ट्रा पाटा टाकते आणि समजते की गाडी आता जास्त माल उचलंल. जादा पाट्यानं एवढंच होते की गाडी खाली बसत नाही, बाकी एक्सल तोच, ब्रेक तेच, चेसिस तीच. वरून अजून एक गंमत आहे जी फार कोणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपला मागं एक्सलजवळ एक वॉल असते, त्याचा दांडा एक्सलला जोडलेला, माल भरला अन् गाडी बसली की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. जाड पाटे टाकले की भरलेली गाडीही बसत नाही, वॉलला वाटते गाडी रिकामीच आहे, आणि मागचे ब्रेक कमी लागतात. म्हणून पाटे बदलले तर त्या दांड्याची सेटिंग करून घ्याच. त्यापेक्षा कंपनीच्या मापाचेच नवे पाटे टाका, सेंटर बोल्ट अन् यू बोल्ट नवे घ्या, बुश बदला, गाडी आपोआप सरळ उभी राहते.

इंजिनचं थोडक्यात. काळा धूर म्हणजे आधी एअर फिल्टर पाहा, आपल्याकडच्या धुळीत तो पुस्तकातल्या हिशोबाच्या अर्ध्यातच भरते. निळसर म्हणजे ऑइल जळून राहिलं. डिझेल फिल्टरखालचा नट ढिला करून आठ-पंधरा दिवसांनी पाणी काढत जा. डिझेलच्या लाइनीत हवा धरली तर हाताचा पंप मारून फिल्टरवरच्या स्क्रूतून काढा. पण गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणारी, असंल तर चालू इंजिनवर नोजलच्या पाइपाचे नट ढिले करायची जुनी सवय सोडा, तो दाब इतका असते की डिझेलची धार कातडी फाडून आत जाते.

आता मॉडिफाय. कापूस हलका पण जागा खाणारा, म्हणून डाल्यावर, म्हणजे मागच्या माल भरायच्या हौद्यावर, पाइपाची चौकट करून जाळी लावायची सगळ्यांचीच इच्छा. करा, पण काढता येईल अशी, नटबोल्टची. चेसिसच्या वरच्या अन् खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंगही नको, तिथूनच चीर जाते. आहे त्या भोकांतून बोल्ट टाका नाहीतर यू बोल्टनं पकडा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, नाहीतर अल्टरनेटर उडते. चौकटीची उंची शेतातल्या लोंबत्या तारा बघून ठरवा, वर बसलेल्या माणसाचा हात कुठवर जाते तेही धरा.

आरसीवर एकूण वजन अन् रिकामं वजन लिहिलं असते. समजा २७०० आणि १५००, म्हणजे १२०० किलो माल, त्यातून तुमच्या चौकटीचे ८० किलो वजा. जास्त भरून सापडलात तर २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. आरसीशी न जुळणारे कायमचे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत, एका बदलाला ५ हजार दंड आहे. गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस दरवर्षी, तिथंही हे अडते. टेप मात्र लावाच, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, रात्री जिनिंगच्या लाइनीत उभं असताना तीच वाचवते.

लाइट मंद असतील तर १०० वॉटचे बल्ब टाकू नका, होल्डर वितळते. ६०/५५ वॉटचेच ठेवा अन् रिले लावा, म्हणजे बल्बचा करंट स्विचमधून न जाता सरळ बॅटरीतून येते. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीची वायर, मधात १५ अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून बल्बला, ८६ ला स्विचकडून येणारी जुनी वायर, ८५ अर्थ. अप्परला एक रिले अन् डिप्परला एक. वायर पाठीमागं कापसाजवळून किंवा सायलेन्सरजवळून नेऊ नका, कापसाला ठिणगी पुरते.

सगळं झालं की पहिला फेरा अर्ध्या लोडचा मारा, गावापासून अकोटच्या मार्केटपर्यंत वगैरे. पोचल्यावर उतरून चारही हबला हात लावून पाहा. एक बाकीच्यांपेक्षा चटका देत असंल तर तिथं ब्रेक धरून ठेवला आहे नाहीतर बेअरिंग जास्त आवळलं आहे. शंभरेक किलोमीटर झाले की यू बोल्ट अन् चाकाचे नट परत आवळा, नवे पाटे दबले की ते हमखास ढिले होतात.