जुन्या ड्रायव्हरमधली ‘किरकोळ’ वॉर्निंग

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलात की हाती नवं काही येईलच असं नाही. एखादं जुनं टेस्ट मशीन, त्यातलं पीसीआय कार्ड (मदरबोर्डवर खोचायचं) आणि ते चालवणारा, बनवणाऱ्यांनी कधीच वाऱ्यावर सोडलेला लिनक्स ड्रायव्हर, हेही पदरी पडू शकतं. नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर, कंपाइल केलंत की एरर आणि वॉर्निंगनी स्क्रीन भरून जाते. घाबरू नका. ‘इनिट_टायमर’ हे फंक्शन २०१८ च्या ४.१५ कर्नलमधून गेलं, आता ‘टायमर_सेटअप’ वापरायचं. अशा ठिकाणी बिल्डच अडतो, आणि जे अडतं ते सुटतंही. माझा पावसाळा खाल्ला तो बिनबोभाट चालणाऱ्या कोडने.

जुन्या मशीनमध्ये २ जीबी मेमरी होती, नव्यात ८. नव्यावर मोजमापाचे आकडे मधूनच बिघडत, कधी भलताच प्रोग्रॅम कोसळे. जुलै महिना, त्यामुळे सगळ्यांचं एकच पालुपद: हवा दमट आहे, कार्डाचे कॉन्टॅक्ट घास. खोडरबराने घासून मशीन पुन्हा चालू केलं की काही वेळ बरं चालायचंही!

ड्रायव्हरमध्ये बफरचा, म्हणजे कार्ड ज्या मेमरीत आकडे लिहितं तिचा, पत्ता लॉगमध्ये छापणारी एक ओळ होती. पत्त्यापुढे कुणीतरी ‘यू३२’ कास्ट, म्हणजे आकडा ३२ बिटांत कापून बसवायचा हुकूम, ठोकलेला. तो काढला आणि कंपायलर बोलला: ‘%एक्स’ या छपाईच्या खुणेला अनसाइन्ड इंट (३२ बिटांचा आकडा) हवा, तुम्ही ६४ बिटांचा पत्ता देताय. वरवर छपाईची तक्रार, पण सगळं दुखणं तिथेच होतं. बफर ‘केमॅलॉक’ने घेतलेला, जो मेमरीत कुठेही पडू शकतो, त्याचा खरा पत्ता ‘व्हर्ट_टू_फिज’ने काढलेला, आणि तो पत्ता घेणारा कार्डाचा रजिस्टर ३२ बिटांचा, म्हणजे ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मावणारा. बफर ४ जीबीच्या वर, समजा हेक्समध्ये १३४५६२००० वर गेला, तर कार्डाला मिळतं ३४५६२०००. सुरुवातीचा १ गळाला. कार्ड इमानाने दुसऱ्याच्या मेमरीत लिहितं. कास्टमुळे लॉगही तोच कापलेला पत्ता दाखवतो, म्हणजे पडताळणीची वाटही बंद. मशीन पुन्हा सुरू केलं की बफर दुसरीकडे पडतो, कधी ४ जीबीच्या आत. खोडरबराचा गुण तो हाच.

तपासायला सोपं आहे. बूटच्या ओळीत ‘मेम=२जी’ द्या, म्हणजे कर्नल २ जीबीच्या वरची मेमरी वापरणार नाही. दुखणं गायब झालं तर कॉन्टॅक्टना हात लावू नका. दुरुस्ती अशी: आधी ‘डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहिरंट’ला ३२ बिटांचा मास्क द्या (कार्डाला ३२ बिटांपलीकडचा पत्ता झेपत नाही, हे कर्नलला सांगणं; डीएमए म्हणजे कार्डाने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं), ते काय परत करतं ते तपासा, मग बफर ‘डीएमए_ॲलॉक_कोहिरंट’ने घ्या. पत्ता छापायला ‘%पीएडी’ वापरा, आणि त्याला व्हेरिएबलचा पॉइंटर द्या.

मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लहान लिपीतलं ‘-डब्ल्यू’ टाकून सगळ्या वॉर्निंग बंद करा, असं सांगणारा सीनियर कितीही प्रेमळ असो, त्याचं ऐकू नका. ‘वॉर्निंग पूर्ण वाचलीस का?’ एवढंच विचारून निघून जाणाऱ्याचा राग येतो, मलाही यायचा. पण शिकायचं त्याच्याकडेच. सुरुवातीला निम्मं डोक्यावरून जाईल, जाऊ दे. पहिली वॉर्निंग आधी सोडवा, खालच्या कित्येक तिच्यामुळेच आलेल्या असतात. आणि ड्रायव्हरमध्ये पत्त्यावर ‘यू३२’ कास्ट दिसला, तर तो पत्ता कार्डापर्यंत कुठून कसा जातो हे पाहिल्याशिवाय पुढची ओळ वाचू नका.