इस्तंबूलमध्ये एकच दिवस हाती असेल तर

मुंबईहून युरोपात शिकायला जाणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे विमान इस्तंबूलला बदलते, आणि तिकीट स्वस्त मिळावे म्हणून घेतलेल्या प्रवासात पुष्कळदा दोन विमानांमध्ये पंधरा-वीस तासांचे अंतर पडते. हे तास विमानतळाच्या खुर्चीवर पेंगत घालवू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. शेंगेन, ब्रिटन, आयर्लंड किंवा अमेरिका यांचा वैध व्हिसा अथवा निवासपरवाना असलेल्या भारतीय पारपत्रधारकाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळू शकतो. मात्र नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी तो सरकारी संकेतस्थळावरच तपासून घ्यावा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवावी.

दिवस आखताना एकच सूत्र धरावे : सकाळी टेकडीवर असावे, दुपारी उतरत उतरत पाण्यापाशी यावे आणि संध्याकाळ पलीकडच्या, म्हणजे आशियातल्या, काठावर घालवावी. जुने शहर टेकड्यांवर वसलेले आहे. उलट्या क्रमाने गेल्यास ऐन उन्हात चढ लागतो आणि निम्मा उत्साह तिथेच संपतो.

विमानतळावरच्या यंत्रातून ‘इस्तंबूलकार्ट’ हे प्रवासकार्ड घ्यावे. मेट्रो, ट्राम, बस आणि बोट या सर्वांना तेच चालते. विमानतळावरून एम११ मेट्रोने गायरेत्तेपे, तिथून एम२ मेट्रोने वेझ्नेजिलेर आणि पुढे पाच-दहा मिनिटे चालून टी१ ट्रामने जुन्या शहरातले सुलतानअहमत, असा हा मार्ग आहे. टॅक्सीपेक्षा तो फार स्वस्त पडतो आणि रस्त्यावरच्या कोंडीतही सापडत नाही.

ट्राममधून उतरल्यावर प्रथम न्याहारी करावी. चौकातल्या गाडीवर तीळ लावलेले खरपूस कडे मिळते, त्याला सिमित म्हणतात. ते बाहेरून कुरकुरीत आणि आतून किंचित चिवट असते, आणि हातात घेतल्यावर तीळ अंगावर सांडतात, याला इलाज नाही. सोबत चहा घ्यावा. तुर्की चहा बिनदुधाचा असतो आणि कमरेशी बारीक अशा छोट्या काचेच्या पेल्यात येतो. पेल्याला कान नसतो, म्हणून तो वरच्या काठाशी दोन बोटांनी धरायचा असतो. पोटभर हवे असेल तर टोमॅटो आणि मिरच्यांत शिजवलेली पातळसर अंडी, म्हणजे मेनेमेन, मागवावे. आपल्या भुर्जीशी त्याचे नाते लगेच कळते.

पाहण्याच्या बाबतीत पैशांचा हिशेब आधीच करावा. आयासोफ्या ही वास्तू बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या काळात ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत चर्च म्हणून उभी राहिली. ती १४५३ साली मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय झाली आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. परदेशी पर्यटकांना २०२४ च्या जानेवारीपासून वरच्या सज्जात जाण्यासाठी २५ युरोंचे तिकीट पडते. विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड आहे, तरी दिवसभरात एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील तर ते इथेच करावेत. दक्षिणेकडच्या सज्जात येशूचे अर्धवट उरलेले सोनेरी कुट्टिमचित्र, म्हणजे मोझेक, आहे. त्याचा चेहरा प्रत्यक्ष पाहताना मला बराच वेळ हलता आले नाही. त्याच सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर कुणा उत्तर युरोपातल्या शिपायाने हजारेक वर्षांपूर्वी रून या तिकडच्या जुन्या लिपीत आपले नाव कोरलेले आहे. ते ‘हाल्फदान’ असे वाचले जाते. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवरची नावे पाहून होणारा संताप इथे होत नाही, इतका काळ मध्ये गेला आहे.

समोरची सुलतान अहमद मशीद १६०९ ते १६१६ या काळात बांधली गेली. ती सहा मिनारांसाठी आणि आतल्या निळ्या इझ्निक फरशांसाठी प्रसिद्ध असून तिथे प्रवेश विनामूल्य आहे. नमाजाच्या वेळी मात्र पर्यटकांना आत सोडत नाहीत, आणि शुक्रवारी तर दुपारची मोठी नमाज होईपर्यंत थांबावे लागते. मी नेमकी शुक्रवारी बाराच्या सुमारास पोहोचले आणि दोन तास बाहेर काढले, म्हणून त्या दिवसाच्या नमाजाच्या वेळा सकाळीच मोबाइलवर पाहून ठेवाव्यात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. मुलींनी पिशवीत ओढणी ठेवावी, म्हणजे डोके झाकण्यासाठी दारावरचे कापड मागावे लागत नाही. पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा पायमोजे स्वच्छ असलेले बरे.

शेजारच्या मोकळ्या पटांगणात एकेकाळी रथांच्या शर्यती होत. तिथला इजिप्शियन स्तंभ सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि इसवी सन ३९० मध्ये तो इथे उभारला गेला. त्याच्या बैठकीवर शर्यत पाहणारा सम्राट कोरलेला दिसतो. हे सारे फुकट पाहायला मिळते आणि बहुतेक लोक त्यावरून नुसती नजर फिरवून पुढे जातात. तोपकापी राजवाडा मात्र या खेपेला सोडावा. त्याला किमान तीन तास लागतात आणि तेवढ्यात दिवसाचा कणाच मोडतो.

दुपारी ट्रामच्या रुळांच्या कडेने बेयाझितपर्यंत चालत जावे. वाटेतला ग्रँड बझार रविवारी बंद असतो. उघडा असल्यास त्यातून अर्धा तास फिरून बाहेर पडावे, कारण तिथे थांबणे म्हणजे खर्च करणे. तिथून सुलेमानिये मशीद जवळ आहे. १५५७ साली पूर्ण झालेली ही वास्तू मिमार सिनान या वास्तुकाराची आहे, आणि मला स्वतःला ती सुलतान अहमद मशिदीहून अधिक आवडली. गर्दी कमी, उजेड शांत, आणि मागच्या अंगणातून गोल्डन हॉर्न या खाडीचे पाणी पूर्ण दिसते.

मशिदीसमोरच्या ओळीत साध्या खानावळी आहेत आणि दुपारचे जेवण तिथेच करावे. कुरु फासुल्ये म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात मऊ शिजवलेला पांढरा घेवडा. तो भातासोबत, लोणच्यासोबत आणि कच्च्या कांद्यासोबत येतो. परदेशात महिनोन्महिने राहिलेल्या मराठी मुलाला ही थाळी काय वाटेल, हे वेगळे सांगायला नको. शाकाहारी व्यक्तीने मात्र विचारल्याशिवाय काही खाऊ नये, कारण घेवड्यात कधी मांसाचे तुकडे असतात, आणि मसुराचे सूप किंवा भात पुष्कळदा मांसाच्या अर्कात शिजवलेला असतो. मी पहिल्या दिवशी असे सूप अर्धे पिऊन झाल्यावर विचारले होते. ‘एतसिझ मी?’ म्हणजे ‘बिनमांसाचे आहे का?’ आणि ‘एत सुयू वार मी?’ म्हणजे ‘मांसाचा अर्क आहे का?’ ही दोन वाक्ये पाठ करावीत. ‘झेयतिनयाली’ या नावाखाली येणाऱ्या ऑलिव्ह तेलातल्या गार भाज्या सहसा निर्धोक असतात. जेवण झाल्यावर ‘हेसाप’ म्हणावे, म्हणजे बिल येते. तो आपलाच ‘हिशेब’ आहे. टेबलावरच्या पावाचे सहसा वेगळे पैसे लागत नाहीत, पाण्याचे लागतात.

पुढे उतारावरच्या घाऊक बाजारातून खाली यावे. वाटेत दुकानांच्या वर, अरुंद जिन्याने गाठावी लागणारी रुस्तम पाशा मशीद चुकवू नये. तीही सिनानचीच असून तिच्या भिंतींवरच्या फरशांमधले ट्यूलिप अगदी हाताच्या अंतरावरून पाहता येतात. त्यानंतर मसाल्यांचा बाजार आणि एमिनोन्यूचा धक्का येतो. मासे खाणाऱ्यांनी इथे पावात भाजलेली मासळी जरूर खावी.

आता दिवसातले सर्वांत मोलाचे काम करावे. धक्क्यावर पर्यटकांच्या सहलीची तिकिटे हाका मारून विकली जातात, ती घेऊ नयेत. कामावर ये-जा करणारे लोक ज्या बोटीने जातात, त्या कादिक्योयच्या बोटीत इस्तंबूलकार्ट टेकवून बसावे. वीस-पंचवीस मिनिटांत युरोपातून आशियात पोहोचता येते. उजवीकडे तोपकापीचे मनोरे, डावीकडे पाण्यातला कन्येचा बुरूज आणि उतरण्यापूर्वी डावीकडेच जर्मन वास्तुकारांनी बांधलेले हैदरपाशा स्थानक दिसते. बोटीवर चहा मिळतो. सिमितचा तुकडा उंच धरला तर समुद्रपक्षी तो हवेतच टिपतात.

कादिक्योय म्हणजे काझीचे गाव. इथल्या बाजारात लोणची, चीज, ऑलिव्ह आणि मासळी यांची दुकाने दाटीने आहेत, आणि भाव त्या मानाने माफक आहेत. दलियात मिरचीचे वाटण मळून केलेले चि क्योफ्ते लेट्यूसच्या पानात किंवा पातळ रोटीत गुंडाळून देतात. नावाचा अर्थ कच्च्या मांसाचा गोळा असला, तरी दुकानांत मिळणारे आता बिनमांसाचे असते. लिंबू पिळलेले, भात भरलेले शिंपले ज्यांना चालतात त्यांनी गर्दीच्या दुकानातच खावेत.

परतीची बोट सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, युरोपच्या काठावरच्या काराक्योयची धरावी आणि डाव्या बाजूच्या उघड्या बाकावर बसावे. सकाळी ज्यांच्या पायथ्याशी उभे होतो, ते घुमट आणि मिनार आता मावळतीवर काळे होऊन एका ओळीत दिसतात. काराक्योयहून १८७५ साली सुरू झालेल्या त्युनेल या भुयारी गाडीने वर जावे, शिशाने स्थानकावर एम२ धरावी, गायरेत्तेपेला एम११ बदलावी आणि विमानाच्या वेळेआधी किमान चार तास काराक्योय सोडावे. कार्डावर दोन-तीन फेऱ्यांचे पैसे उरले, तर ते तसेच जपून ठेवावे. सुट्टीला घरी जाताना तेच विमान पुन्हा इथे थांबते.