जाहिरातीचा ट्रॅकिंग कोड नीट मोजतो आहे का, हे कसे तपासावे

जाहिरात पाहून कोणी खरेदी केली हे गूगलला किंवा मेटाला, म्हणजे फेसबुकच्या कंपनीला, कळवणारा छोटा कोड साइटवर बसवलेला असतो. तोच ट्रॅकिंग कोड. जाहिरातीवर पैसे जात आहेत, दुकानात ऑर्डरही येत आहेत, पण गूगल ॲड्समध्ये कन्व्हर्जनच्या, म्हणजे जाहिरातीतून झालेल्या खरेदीच्या, रकान्यात शून्य दिसते. हा प्रकार निदान लगेच लक्षात येतो. दहा ऑर्डरी आल्या आणि तिथे वीस दिसल्या, तर मात्र आकडा छान आहे म्हणून कोणी खोलात जात नाही. माझ्या मते हाच प्रकार जास्त महागात पडतो. गूगल आणि मेटा दोघेही आता जाहिरातीच्या जागेसाठीची बोली बऱ्याच अंशी आपोआप ठरवतात आणि जाहिरात कोणाला दाखवायची हे तुमच्या साइटवरून येणाऱ्या कन्व्हर्जनवरून शिकतात. आकडा चुकीचा गेला, तर पुढचा खर्चही चुकीच्या माणसांवर होतो.

खालची तपासणी वर्डप्रेस ही साइट बनवण्याची प्रणाली आणि तिचे वूकॉमर्स हे दुकानाचे प्लगइन (जोडायचा भाग) यांवर चालणाऱ्या, हापूस विकणाऱ्या दुकानाचे उदाहरण धरून सांगितली आहे. हंगाम दीड-दोन महिन्यांचा, त्यामुळे पंधरा दिवस चुकीची मोजणी झाली तर भरून काढायला वेळ उरत नाही. दुसऱ्या कुठल्या साइटलाही हाच क्रम लागू पडतो.

आधी काय मोजायचे ते ठरवा

कन्व्हर्जन म्हणजे पैसे भरून झालेली ऑर्डर, एवढेच धरा. पेटी कार्टमध्ये टाकणे किंवा व्हॉट्सॲपचे बटण दाबणे वेगळे नोंदवता येते, पण ते ऑर्डरीच्या आकड्यात मिसळू देऊ नका. मग गूगल ॲड्समध्ये कन्व्हर्जनची यादी उघडा. तिथे एक खरेदी ॲड्सच्या टॅगवरून, म्हणजे साइटवरच्या त्याच्या कोडवरून, आणि तीच खरेदी साइटवर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समधून आयात केलेली, अशी दोनदा ‘प्रायमरी’, म्हणजे बोलीसाठी धरली जाणारी, म्हणून ठेवलेली असेल, तर दहाचे वीस का झाले ते तिथेच कळेल. एक प्रायमरी ठेवा, दुसरी सेकंडरी करा.

आपले आयडी एका जागी लिहून काढा. गूगल ॲड्सचा आयडी ‘एडब्ल्यू’ने सुरू होतो, ॲनालिटिक्सचा ‘जी’ने, सगळे टॅग एका जागेवरून चढवणाऱ्या टॅग मॅनेजरचा ‘जीटीएम’ने. मेटा पिक्सेलचा, म्हणजे मेटाच्या ट्रॅकिंग कोडचा, आयडी म्हणजे नुसते अंक. साइटवर ‘यूए’ने सुरू होणारा कोड अजून असेल तर काढून टाका. ते जुने ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवीन माहिती घेत नाही.

कोड पानावर आहे का, आणि किती वेळा

संगणकावर पान उघडून कंट्रोल आणि यू दाबले की पानाचा सोर्स दिसतो. त्यात आपला आयडी शोधा. टॅग मॅनेजर वापरत असाल तर सोर्समध्ये फक्त त्याचाच आयडी दिसेल, बाकीचे टॅग तो नंतर चढवतो.

आयडी दोन ठिकाणी सापडला तर बहुधा एकदा थीमच्या हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक पानाला लागणाऱ्या वरच्या भागात, हाताने चिकटवलेला असतो आणि एकदा प्लगइनने घातलेला. एकच ठेवा. त्याहून वाईट म्हणजे खरेदीचा इव्हेंटच, म्हणजे ‘खरेदी झाली’ असे कळवणारा कोड, हेडरमध्ये टाकलेला असणे. मग साइटवर कोणी कुठलेही पान उघडले तरी ती विक्री म्हणून नोंदली जाते.

कोड व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फाइलमधून आला असेल तर अवतरणचिन्हे नीट पाहा. कोडला सरळ चिन्हे लागतात, वर्ड ती वळणदार करून टाकतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण ब्राउझर तिथेच अडतो. एफ१२ दाबून कन्सोल उघडा. लाल अक्षरांत सिंटॅक्स एरर दिसली तर आधी हाच संशय घ्या.

टॅग खरोखर माहिती पाठवतो का

कोड पानावर असणे आणि त्याने माहिती पाठवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एफ१२ मध्येच नेटवर्कचा टॅब उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. फिल्टरच्या चौकटीत इंग्रजीत ‘कलेक्ट’ टाइप केले की ॲनालिटिक्सच्या विनंत्या, म्हणजे ब्राउझरने तिकडे पाठवलेले निरोप, दिसतात, ‘कन्व्हर्जन’ टाइप केले की गूगल ॲड्सच्या. मेटाची विनंती फेसबुकच्या पत्त्यावर जाते आणि त्या पत्त्यात तिरक्या रेघेनंतर ‘टीआर’ असते. समोर २०० किंवा २०४ दिसले म्हणजे माहिती पोचली. ‘ब्लॉक्ड’ दिसले तर ते तुमच्याच ब्राउझरमधल्या ॲड ब्लॉकरचे काम असू शकते. एक्स्टेन्शन बंद करून पुन्हा पाहा, मगच कोडला दोष द्या.

काहीच दिसत नसेल, पण पान थोडे खाली सरकवल्यावर विनंत्या जायला लागल्या, तर कारण कॅशच्या प्लगइनमध्ये शोधा. साइट वेगवान दिसावी म्हणून ही प्लगइन्स सगळे जावास्क्रिप्ट ग्राहकाने हालचाल करेपर्यंत थांबवून ठेवतात. ऑर्डर झाल्यावर उघडणाऱ्या थँक यू पेजवर ग्राहक हालचाल करतच नाही, पान बघून बंद करतो. त्या प्लगइनच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंगच्या स्क्रिप्ट अपवाद म्हणून घाला आणि कॅश क्लिअर करा.

नेटवर्क टॅब किचकट वाटत असेल तर गूगलचे टॅग असिस्टंट आणि क्रोममधले मेटा पिक्सेल हेल्पर वापरा. मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये ‘टेस्ट इव्हेंट्स’ आहे, तिथे तुमची हालचाल थोड्याच वेळात उमटते. टॅग मॅनेजरच्या प्रिव्ह्यूमध्ये सगळे व्यवस्थित आणि प्रत्यक्ष साइटवर काहीच नाही, असे असेल तर बदल पब्लिश झाले आहेत का ते पाहा. प्रिव्ह्यू न छापलेला मसुदाही दाखवतो.

क्लिकची ओळख टिकते का

जाहिरातीवर क्लिक झाले की गूगल पत्त्याच्या शेवटी जीसीएलआयडी नावाची ओळख जोडते. ती साइटच्या एका कुकीत, म्हणजे ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत, साठते, तिचे नाव ‘जीसीएल एडब्ल्यू’ने संपते. हे तपासायला स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करून पैसे घालवू नका. आपल्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग इंग्रजीत जीसीएलआयडी, बरोबरचे चिन्ह आणि टेस्ट१२३ असे काहीतरी टाइप करून पान उघडा. पान आल्यावर पत्त्यात ते शेपूट उरले आहे का आणि कुकीत टेस्ट१२३ दिसते का ते पाहा.

शेपूट गळून पडले असेल तर वाटेत कुठेतरी रीडायरेक्ट ते खातो आहे. तीन डब्ल्यूंच्या पत्त्यावरून बिनडब्ल्यूच्या पत्त्यावर नेताना असे होते. जाहिरातीत शेवटचा, खरा पत्ताच द्या आणि रीडायरेक्ट दुरुस्त करून घ्या. टॅग मॅनेजर वापरत असाल तर क्लिकची ही ओळख कुकीत साठवणारा कन्व्हर्जन लिंकर हा टॅग सगळ्या पानांवर चालू हवा.

आता खरी ऑर्डर द्या, मोबाइलवरून

हे टाळू नका. बहुतेक गोंधळ इथेच सापडतो. एखादी स्वस्त वस्तू निवडा, किंमत तात्पुरती कमी करा आणि ग्राहकासारखे यूपीआयने पैसे भरा.

ग्राहक पैसे भरायला यूपीआयच्या ॲपमध्ये जातो. तिथे टिकमार्क दिसला की त्याचे काम झाले. तो ब्राउझरमध्ये परत येईलच असे नाही. थँक यू पेज उघडत नाही, टॅग चालत नाही. पैसे मात्र जमा होतात आणि पेमेंट गेटवेकडून, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, साइटच्या सर्व्हरला निरोप आल्यामुळे वूकॉमर्समध्ये ऑर्डरही पडते. म्हणून एकदा ब्राउझरमध्ये परत येऊन आणि एकदा न येता, अशा दोन्ही प्रकारे ऑर्डर द्या. दुसऱ्या प्रकारात कन्व्हर्जन हुकत असेल तर ब्राउझरमधल्या कोडवर कितीही डोके फोडले तरी उपयोग नाही. खरेदीची माहिती सर्व्हरवरूनच पाठवावी लागेल. मेटासाठी कन्व्हर्जन्स एपीआय आहे. गूगलसाठी ऑर्डरीसोबत जीसीएलआयडी साठवून कन्व्हर्जन नंतर अपलोड करता येते. मेटाला ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडून एकच खरेदी जात असेल तर दोन्हींत इव्हेंटचे नाव आणि इव्हेंट आयडी तोच ठेवा, म्हणजे ती एकदाच मोजली जाते.

थँक यू पेज उघडले असेल तर ते रिफ्रेश करा. विनंती पुन्हा गेली तर तिच्यात ऑर्डर क्रमांक ट्रान्झॅक्शन आयडी म्हणून आहे का ते पाहा. तो असेल तर गूगल ॲड्स दुसरी नोंद धरत नाही. लोक ऑर्डरीचे पान नंतर पुन्हा उघडतात, त्यामुळे हा क्रमांक हवाच.

रक्कमही पाहा. चलन आयएनआर आणि किंमत म्हणजे नुसते इंग्रजी अंक, दशांश असेल तर टिंब. रुपयाचे चिन्ह किंवा स्वल्पविराम आत गेला की रक्कम चुकते. मराठी साइटवर याची आणखी एक बाजू आहे. पानावर भाव देवनागरी अंकांत असेल आणि टॅग मॅनेजर तोच मजकूर पानावरून उचलत असेल, तर जावास्क्रिप्ट त्याला आकडा मानत नाही. मग ऑर्डर नोंदली जाते, पण रकमेशिवाय. किंमत पानावरच्या मजकुरातून न घेता डेटा लेयरमधून, म्हणजे साइट टॅग मॅनेजरला वेगळी पुरवते त्या माहितीतून, घ्या.

रिपोर्टशी ताळा जमवताना

गूगल ॲड्स विक्री क्लिकच्या दिवशी नोंदते. सोमवारी क्लिक केलेल्या माणसाने गुरुवारी पेटी घेतली तर ती सोमवारच्या खात्यात दिसते. दुकानाच्या ऑर्डरींशी जुळवायला ‘कन्व्हर्जनच्या वेळेनुसार’ हा रकाना जोडून घ्या. आकडे यायला काही तास लागतात, त्यामुळे आजच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

युरोपात पार्सल पाठवत असाल आणि साइटवर संमतीची पट्टी असेल तर गूगलच्या विनंतीत जीसीएस नावाचे पॅरामीटर पाहा. जी१११ म्हणजे संमती मिळाली, जी१०० म्हणजे नाकारली. पट्टीवर ‘हो’ म्हटल्यानंतरही जी१०० राहत असेल तर पट्टी टॅगला निरोप देत नाही.

थोडी तफावत कायम राहणार. ॲड ब्लॉकर आहेत, सफारी कुकीज लवकर पुसते, आणि एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १४.५ पासून ॲपना ट्रॅकिंगसाठी आयफोनवर परवानगी मागावी लागते. तफावत रोज साधारण सारखी असेल तर कोडला हात लावू नका. एखाद्या दिवसापासून ती अचानक वाढली असेल तर त्या दिवशी थीम, प्लगइन किंवा पेमेंट गेटवेमध्ये काय बदलले ते शोधा. डेव्हलपरला ‘ट्रॅकिंग चालत नाही’ एवढेच कळवू नका. हुकलेल्या दोन-तीन ऑर्डरींचे क्रमांक, त्यांची वेळ, पैसे कसे भरले ते आणि नेटवर्क टॅबचा स्क्रीनशॉट पाठवा.