छोटे विमान धावपट्टीबाहेर गेल्यास प्रवाशाने काय करावे

अलास्कातील उनालास्का येथे १७ ऑक्टोबर २०१९ रोजी ४२ जणांना घेऊन आलेले साब २००० जातीचे विमान पाठीमागून जोराचा वारा असताना उतरले. देखभालीच्या वेळी चाकांचा वेग मोजणाऱ्या यंत्रणेच्या तारांची अदलाबदल झालेली असल्यामुळे ब्रेक पुरेसे लागले नाहीत आणि विमान धावपट्टी ओलांडून समुद्रकाठच्या खडकांवर जाऊन थांबले. प्रोपेलरच्या पात्याचा तुकडा केबिनमध्ये घुसून एका प्रवाशाचा मृत्यू झाला. वारा आणि ब्रेक प्रवाशाच्या हातात नसतात; मात्र विमान थांबल्यानंतर आपण बाहेर कसे पडतो, हे बऱ्याच अंशी त्याच्या तयारीवर अवलंबून असते.

ही तयारी विमान उतरू लागण्यापूर्वीच झालेली असावी. पट्टा पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांवर घट्ट बांधावा, पायांत बूट किंवा चपला असू द्याव्यात आणि पुढच्या व मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत हे मोजून ठेवावे, कारण धुरात डोळ्यांचा उपयोग होत नाही आणि हाताने खुर्च्या चाचपतच पुढे सरकावे लागते. छोट्या शहरांसाठी उडणाऱ्या एटीआर ७२ या प्रोपेलरच्या विमानात आपण मागच्या दाराने चढतो, पण संकटकाळी उघडायची दारे पुढेही असतात. हे चढतानाच लक्षात घ्यावे.

विमान उतरल्यावर वेग कमी होत नसल्याचे जाणवले किंवा जोराचे हादरे बसू लागले, तर सूचनेची वाट न पाहता पुढे वाकून डोके समोरच्या खुर्चीला टेकवावे, हात डोक्यावर ठेवावेत आणि पावले जमिनीवर घट्ट रोवावीत. पहिल्या धक्क्यानंतर मान वर करू नये, कारण खड्डा, कुंपण किंवा बांध यांवर विमान पुन्हा आदळू शकते.

विमान पूर्ण थांबल्यावर कर्मचाऱ्यांची आज्ञा ऐकावी. पट्टा सोडताना घाईत हात मोटारीतल्यासारखे बटण शोधू लागतो; विमानात मात्र बकलाची पट्टी वर उचलावी लागते. दार उघडण्यापूर्वी खिडकीतून बाहेर पाहावे, आणि त्या बाजूला आग असेल किंवा प्रोपेलर फिरत असेल तर दुसरी बाजू निवडावी. एटीआरमध्ये प्रोपेलर पुढच्या आणि मागच्या दारांच्या मध्ये येतात, म्हणून पुढून उतरणाऱ्याने नाकाच्या दिशेने आणि मागून उतरणाऱ्याने शेपटीच्या दिशेने दूर जावे. पंखाखालून जवळचा रस्ता धरणे जिवावर बेतू शकते. पाणी जवळ असल्यास जीवरक्षक जाकीट घालावे, परंतु ते दाराबाहेर पडल्यावरच फुगवावे.

बॅग घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. मोठ्या विमानांना प्रमाणपत्र देताना निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढून दाखवावे लागते, आणि अरुंद वाटेत बॅग ओढणारा एक माणूस मागच्या सगळ्यांना अडवतो.

बाहेर आल्यावर वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जाऊन सर्वांनी एकत्र थांबावे, म्हणजे मोजणी करता येते. मानेचे व पाठीचे दुखणे काही तासांनी सुरू होऊ शकते, त्यामुळे काहीच जाणवत नसले तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.