फर्मकडे काम भरपूर पण खात्यात खडखडाट? आधी गळती शोधा

पैशाची चणचण झाली की वकील मंडळींना पहिलं सुचतं ते म्हणजे नवीन क्लायंट आणायचे. थांबा जरा. बऱ्याचदा काम असतंच, पैसा मधेच कुठेतरी गळतो, आणि कुठे ते शोधायला मागच्या तीन महिन्यांच्या टाइमशीट (कुठल्या कामाला किती वेळ गेला त्याची नोंद), बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट एवढं घेऊन बसलात तरी पुरतं.

प्रत्येक वकिलाचे चार आकडे काढा: ऑफिसात किती तास होता, टाइमशीटवर किती लिहिले, बिल कितीचं गेलं, पैसे कितीचे आले. समजा होता ८ तास, लिहिले ५, बिल गेलं साडेचारचं, आले ४ चे. म्हणजे तुमचा तासाचा दर काहीही असो, ऑफिसातल्या दर तासामागे हातात त्याच्या निम्माच पडतोय! इथे ८ वरून ५ हीच सगळ्यात मोठी घसरण, त्यामुळे आधी तीच धरायची.

त्यावर उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही, नोंद त्याच दिवशी करायची. अनेक फर्म ६ मिनिटांचा एक भाग धरतात, म्हणजे तासाचे १०. महिनाअखेरीला आठवून आठवून भरायला बसलं की फोनवरची १२ मिनिटं हमखास विसरतात, आणि वर ‘फाइल पाहिली, २ तास’ असलं काहीतरी लिहिलं जातं ज्यावर क्लायंट भांडणारच. त्याऐवजी ‘करारातलं मुदतीचं कलम तपासलं, तीन दुरुस्त्या सुचवल्या, ०.८ तास’ असं लिहा, बघा कोण वाद घालतो ते.

आता डिस्काउंट. ‘१० टक्के तर सोडले’ म्हणतो आपण, पण १०० च्या बिलात खर्च ७० असेल तर नफा ३० वरून २० वर येतो, म्हणजे सरळ एक तृतीयांश गेला, कारण पगार आणि भाडं काही कमी होत नाही.

कामाची वाटणीही बघा. ज्युनियरला जमेल असा मसुदा पार्टनरच टाइप करत बसला तर क्लायंट त्या कामाला पार्टनरचा दर देत नाही, आणि ज्युनियर रिकामा बसतो तो वेगळाच. (पार्टनरला हे पटवणं हे कोर्टात जिंकण्यापेक्षा अवघड, असो.)

एकरकमी फी सांगायची असेल तर आधी तसल्याच जुन्या कामांचे तास काढा आणि काय धरलंय, काय नाही ते लेखी द्या. किती मीटिंग, किती दुरुस्त्या, सगळं.

शेवटी उधारी. बिल न केलेलं काम अधिक न आलेली बिलं, भागिले वर्षाची फी, गुणिले ३६५, की पैसा किती दिवस अडकून राहतो ते कळतं. वर्षाची फी १००, बिल न केलेलं १५, येणं २० असेल तर साधारण १२८ दिवस, म्हणजे चार महिन्यांहून जास्त काळ तुम्ही क्लायंटला बिनव्याजी पैसे वापरू देताय आणि इकडे पगार मात्र दर महिन्याला. म्हणून काम संपायची वाट न बघता दरमहा बिल पाठवा, नियमात बसत असेल तर आगाऊ रक्कम घ्या, आणि थकबाकीचा फोन कोण करणार ते नाव लिहून ठरवा, नाहीतर तो कोणीच करत नाही.