समुद्र, वर्षावन, वाळवंट: एकच बॅग भरताना या चुका टाळा

किनारा, वर्षावन आणि वाळवंट असा लांबचा प्रवास ठरला की बहुतेक जण पलंगावर तीन ढीग रचतात. एक समुद्राचा, एक जंगलाचा, एक वाळवंटाचा. मग तिन्ही ढीग एका बॅगेत कोंबायचे आणि चेन लागत नाही म्हणून आणखी मोठी बॅग आणायची. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. जागा तीन असल्या तरी अंग एकच आहे आणि त्याला तिन्हीकडे जवळपास तेच लागतं. पातळ, सैल, लांब बाह्यांचा, चटकन वाळणारा शर्ट किनाऱ्यावर ऊन अडवतो, जंगलात डास अडवतो आणि वाळवंटात ऊन आणि वाळू दोन्ही. असे तीन शर्ट, दोन पातळ लांब पँट, एक हाफ पँट आणि पाच-सहा दिवसांचे आतले कपडे एवढं पुरतं, मग प्रवास तीन आठवड्यांचा असो की सहा. वाळवंटातल्या रात्रीसाठी एक उबदार थर आणि जंगलातल्या पावसासाठी एक हलकं जॅकेट घ्यायचं. थंड वारा सुटला की हे दोन्ही एकावर एक घालायचे. वेगळा जाड कोट लागत नाही.

लोक हे ऐकून मान डोलावतात आणि तरी जीन्स भरतात. जीन्स वर्षावनात एकदा भिजली की जंगलातून बाहेर पडेपर्यंत ती ओलीच राहते, आणि ओली जीन्स पाठीवर वाहून न्यायची म्हणजे विनाकारण ओझं.

मीठ घेऊन जंगलात शिरणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. किनाऱ्यावर शेवटच्या दिवशीही लोक पाण्यात उतरतात. कपडे उन्हात टाकतात, दोन तासांत ते कडक वाळतात आणि घडी होऊन बॅगेत जातात. पण वाळलं ते फक्त पाणी. मीठ धाग्यात तसंच राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. वर्षावनात आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. म्हणजे तो कपडा पावसात गेला नाही तरी बॅगेत बसल्या बसल्या ओला होतो आणि शेजारचे कपडेही दमट करतो.

आमच्या गटातल्या एकाने नेमकं हेच केलं होतं. पोहण्याचे कपडे, टॉवेल, किनाऱ्यावर घातलेले शर्ट, सगळं न धुता भरलेलं. गोड्या पाण्यातून काढून घे म्हटलं तर म्हणाला, वाळलंय की सगळं, पुढे गेल्यावर धुऊ. जंगलातल्या पहिल्याच सकाळी त्याच्या बॅगेतला प्रत्येक कपडा हाताला चिकट लागत होता. दुपारी पाऊस झाला, अंगावरचा शर्ट भिजला. तो ओला शर्ट सोसवेना म्हणून त्याने झोपण्यासाठी ठेवलेला कोरडा जोड काढून घातला. संध्याकाळी पुन्हा सर आली आणि तोही भिजला. रात्री अंगावर चढवायला कोरडं काही उरलं नाही. मिठाने कडक झालेल्या शिवणी मांड्यांना आणि काखेत काचत होत्या. दोन दिवसांत कातडी सोलवटली, तिसऱ्या दिवशी तो पाय फाकवून चालत होता आणि पुढचा टप्पा सोडून त्याला मुक्कामी थांबावं लागलं. ज्या जंगलासाठी त्याने इतकी वाट पाहिली होती त्यातले चांगले दिवस त्याने पंख्याखाली पावडर लावून काढले. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण बादलीभर गोड्या पाण्यात हे टळलं असतं.

तर माझी पद्धत अशी. किनाऱ्यावरच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर समुद्रात उतरायचं नाही. सगळे कपडे, टॉवेल, चपला, अगदी बॅगेचे पट्टेसुद्धा गोड्या पाण्यातून दोनदा काढायचे आणि रात्रभर वाळवायचे. जंगलात शिरण्याआधीची धुलाई मी कधीच पुढे ढकलत नाही, कारण आत गेल्यावर धुता येतं, वाळवता येत नाही.

आणि आत गेल्यावर दोनच जोड: एक ओला, एक कोरडा. ओल्यात दिवसभर चालायचं. कोरडा जोड मजबूत, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गुंडाळून ठेवायचा आणि फक्त मुक्कामी, अंग पुसल्यावर घालायचा. सकाळी तो काढून पुन्हा कालचा ओला, गार शर्ट अंगावर चढवायचा. नवख्या लोकांना हे पटत नाही. थंड ओला शर्ट घालायचा क्षण त्यांना नको असतो आणि "आजच्या दिवस" म्हणून ते कोरडा काढतात. पण ओल्या शर्टाचा त्रास दहा मिनिटांचा असतो, चालायला लागलं की जातो. रात्री कोरडं काही नसणं फार महागात पडतं. मोज्यांचंही तसंच: झोपताना पाय कोरडे, बोटांच्या बेचक्यात पावडर आणि कोरडे सैल मोजे. पायांना आठ तास हवा आणि कोरडेपणा मिळाला नाही तर कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि मग फाटते.

क्रम ठरवणं हातात असेल तर जंगलानंतर वाळवंट ठेवा. तिथे धुतलेला शर्ट बघता बघता वाळतो आणि बॅग, बूट, पट्टे यांत मुरलेली ओल निघून जाते. उलटा क्रम ठेवला तर जंगलातली कुबट ओल थेट घरी येते.

कपाटातले जुने "चांगले" बूट

नवे बूट चालवून न बघता नेऊ नयेत हे सगळ्यांना माहीत असतं. जुन्यांबद्दल मात्र लोक बेफिकीर असतात. ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या ओलाव्याने हा थर वर्षानुवर्षं आतून कुजत जातो, आणि बूट वापरात नसले तरी कुजतो. वरून चामडं चकचकीत, खालची नक्षी न झिजलेली, आणि मधला थर मात्र ठिसूळ.

एका बाईंनी असेच कित्येक वर्षं खोक्यात जपलेले महागाचे बूट आणले होते. जंगलाच्या पहिल्या चिखलात एक तळवा चिखलातच राहिला. मधला थर खरवसासारखा तुटून हातात येत होता. तासाभरात दुसराही गेला. चिकटपट्टी आणि दोरी बांधून त्या जिद्दीने चालत राहिल्या, पण ओल्या मुळांवर दोरीला पकड नसते आणि दर चढावर कुणीतरी त्यांचा हात धरून होतं. अख्ख्या गटाचा वेग त्या दोरीवर ठरला.

निघण्याच्या महिनाभर आधी बूट बाहेर काढा. तळव्याच्या बाजूला अंगठ्याने जोरात दाबा. भेगा दिसल्या, भुगा पडला किंवा दाबलेली जागा परत वर आली नाही तर ते बूट नेऊ नका. नंतर भरलेली बॅग पाठीवर घेऊन आठवडाभर रोज चाला. "तिथे गेल्यावर घेऊ" हा उपाय साबणाला चालतो, बुटांना चालत नाही. तुमच्या मापाचे बूट तिथे मिळालेच तरी ते नवे असतील आणि फोड ठरलेले. मी पाण्याच्या बाटलीभोवती हातभर चिकटपट्टी गुंडाळून नेते. ती बुटापासून फाटलेल्या बॅगेपर्यंत सगळीकडे लागते. वाळवंटात सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचवाला ती जागा आवडते.

बाकीच्या, थोडक्यात

हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या: आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं. जागा उरली म्हणून लोक आणखी भरतात. थोडी ओल आत राहिली तर कपडे कुबट होतात, आणि वाटेत एकदा उघडल्या की पुन्हा तशा बसत नाहीत. मला हा मार्ग अजिबात पसंत नाही.

चाकांची बॅग वाळूत आणि चिखलात ओढता येत नाही, उचलावी लागते.

पॉवर बँक विमानात खालच्या सामानात टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तास आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-तासांची असते, म्हणजे चालते.

आधी सनस्क्रीन, ते मुरलं की त्यावर डासांचं मलम. उलट करू नका. डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम निवडलं तर २० ते ३० टक्क्यांचं पुरतं. डीट प्लास्टिक खराब करतं, त्यामुळे ते लावलेल्या हाताने गॉगल, घड्याळ, कॅमेऱ्याला हात लावू नका. सनस्क्रीनची बाटली घेताना घटक वाचा: हवाईमध्ये २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन विकायला बंदी आहे, कारण प्रवाळांना धोका. खनिज, म्हणजे झिंक ऑक्साइडची घेतली की हा प्रश्न उरत नाही.

कॅमेरा एसीच्या खोलीतून थेट जंगलाच्या हवेत काढला की काचेवर आतूनही वाफ धरते. बंद पिशवीतच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मग उघडा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत हव्यात. वाळवंटात लेन्स कापडाने पुसायची घाई नको. वाळूतलं क्वार्ट्झ काचेला ओरखडे पाडतं, म्हणून आधी फुंकणीने कण उडवा.

वाळवंटात घाम अंगावर दिसत नाही कारण तो लगेच उडून जातो, आणि लोकांना वाटतं आपल्याला घामच येत नाही. घडी होणाऱ्या दोन लिटरच्या पिशव्या न्या, रिकाम्या असताना त्यांचं ओझं नसतं. क्षारांच्या पुड्या वरच्या कप्प्यात हव्यात, तळाशी नव्हे.

औषधांबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. जंगलाच्या भागात मलेरिया असेल तर डॉक्टर तो टाळायच्या गोळ्या देतात आणि लोक जंगल संपलं की त्या बंद करतात. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर ती त्या भागातून बाहेर पडल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. हिच्यामुळे काहींची त्वचा उन्हाला फार हळवी होते, आणि त्या चार आठवड्यांत तुम्ही वाळवंटात असू शकता. म्हणून डॉक्टरांना जंगलाचं नाव सांगून थांबू नका, पुढचा मुक्काम वाळवंटात आहे हेही सांगा. दुसरी गोळी देता येते. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह ठेवा.

आणि पिवळ्या तापाची लस. जंगलाच्या काही देशांतून आल्यावर पुढचा देश तिचं प्रमाणपत्र मागतो, म्हणजे अडवणूक जंगलात होत नाही, पुढच्या विमानतळावर होते. लस टोचल्यापासून १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे पूर्वी घेतली असेल तर आधी जुनं पिवळं कार्ड शोधा. नसेल तर बॅगेची यादी करायच्या आधी लसीची तारीख ठरवा.